गाठ कशी शिकवावी?

छतावरून लोंबणाऱ्या वायरीला दिवा टांगलेला असतो, तेव्हा दिव्याचे आणि होल्डरचे वजन नेमके कशावर पडते? वायरीतले तांब्याचे तंतू होल्डरमधल्या दोन बारीक स्क्रूंखाली दाबलेले असतात. वजन थेट त्यांच्यावर आले तर केव्हा ना केव्हा एखादी वायर निसटणार, दोन तारा एकमेकींना चिकटणार आणि फ्यूज उडणार; कधी ठिणगी पडून याहून वाईट काही घडणार. म्हणून जाणता वायरमन होल्डरचे टोपण लावण्यापूर्वी दोन्ही वायरींची आतल्या बाजूला एक गाठ मारतो. ओढ गाठीवर बसते आणि स्क्रूंना तिचा ताण लागत नाही. आगीचा विमा उतरवणाऱ्यांच्या नावाने ही गाठ अमेरिकेत ओळखली जाते. यावरून तिचे महत्त्व ध्यानात यावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या हजारो कारखान्यांमध्ये ही गाठ आणखी एका कारणासाठी मारली गेली. तिचा विजेशी फारसा संबंध नव्हता. ‘शिकवणे म्हणजे काय’ हे फोरमन लोकांना पटवून देण्यासाठी ती वापरली जात होती. आपण शिक्षक मंडळी शिकवण्याचा विचार नेहमी वर्गाच्या चौकटीत करतो. आपल्याच सहकाऱ्याला, नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेला, प्रयोगशाळेच्या परिचराला काम कसे शिकवावे, याचा विचार आपण क्वचित करतो. कारखान्यांना तो करावा लागला, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

सन १९४० च्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटलेले होते आणि अमेरिकेने शस्त्रास्त्रांचे उत्पादन झपाट्याने वाढवायचे ठरवले. कसबी कामगार पुरेसे नव्हते. जे होते त्यांतलेही पुढे बरेचसे सैन्यात जाणार होते. त्यांच्या जागी शेतावरची माणसे, कधी कारखान्याचे फाटक न ओलांडलेल्या स्त्रिया आणि नुकती शाळा सोडलेली मुले येणार होती. या सगळ्यांना शिकवणार कोण? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची एक छोटी यंत्रणा उभी केली. चॅनिंग डूली आणि वॉल्टर डिट्झ हे तिचे प्रमुख होते आणि दोघेही उद्योगांतून आलेले होते. कामगारांना शाळेत पाठवण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. कामगार ज्याच्या हाताखाली काम करतो त्या फोरमनलाच शिकवायला शिकवायचे, असे त्यांनी ठरवले. दहा फोरमनांचा एक गट करायचा आणि दोन-दोन तासांच्या पाच बैठका घ्यायच्या, की अभ्यासक्रम संपला. त्यात काही चांगले शिक्षक निघाले तर त्यांना पुढचे गट घ्यायला तयार करायचे. १९४५ मध्ये युद्ध संपून ही यंत्रणा बंद झाली, तोवर सोळा हजारांहून अधिक कारखान्यांत तिचे वर्ग झाले होते आणि साडेसतरा लाखांच्या आसपास प्रमाणपत्रे दिली गेली होती.

आता गाठीकडे येऊ. पहिल्याच बैठकीत प्रशिक्षक गटातल्या एकाला पुढे बोलावी आणि गाठ कशी मारायची ते त्याला फक्त तोंडाने सांगे. ‘दोन वायरी सुट्या करा, उजवीचा फास करा, डावी अंगाकडे ओढा, उजवीच्या टोकाखालून घ्या...’ सगळे अगदी बरोबर. त्याने गाठ मारायचा प्रयत्न केला की गुंता होई आणि बाकीचे हसत. मग दुसऱ्याला बोलावून, काही न बोलता गाठ मारून दाखवली जाई. त्यालाही ती जमत नसे. दाखवणारा समोरासमोर उभा, त्यामुळे त्याचा उजवा हात बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला. आणि सरावलेली बोटे इतकी भरभर चालत की कोणते टोक कोठून गेले हेच कळत नसे. एवढे झाल्यावर प्रशिक्षक तिसऱ्याला बोलावी, त्याला शेजारी उभे करी आणि पद्धतशीर शिकवी. त्याची गाठ बसे.

हा प्रयोग प्रत्येक शाळेच्या शिक्षक खोलीत करून पाहण्यासारखा आहे. हातभर दुपदरी वायर पुरते. ‘मी त्यांना सांगितले होते’ आणि ‘मी त्यांना करून दाखवले होते’ ही आपली दोन आवडती वाक्ये किती पोकळ आहेत, हे पाच मिनिटांत दिसते.

पद्धतशीर म्हणजे कसे? त्या काळी फोरमनच्या खिशात मावेल असे एक छोटे कार्ड दिले जाई. त्यावर चार पायऱ्या होत्या. पहिली, शिकणाऱ्याची तयारी. त्याला मोकळे करायचे, काम कोणते ते सांगायचे, त्याला आधीपासून काय येते ते विचारून घ्यायचे आणि त्याला नीट दिसेल अशा जागी उभे करायचे. दुसरी, कामाचे सादरीकरण. एका वेळी एकच टप्पा सांगायचा आणि करून दाखवायचा, त्यातल्या कळीच्या मुद्द्यावर जोर द्यायचा आणि त्याला झेपेल त्याहून जास्त एकदम ओतायचे नाही. तिसरी पायरी, त्याच्याकडून करवून घेणे. आधी मुकाट्याने करू द्यायचे आणि चूक तिथल्या तिथे सुधारायची. मग पुन्हा करायला लावून कळीचे मुद्दे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. त्याला आले आहे याची आपली खात्री होईपर्यंत हे चालू ठेवायचे. चौथी, पाठपुरावा. त्याला कामावर एकट्याने सोडायचे, पण अडले तर कोणाकडे जायचे ते नाव घेऊन सांगायचे. सुरुवातीला वरचेवर डोकवायचे आणि हळूहळू येणे कमी करायचे.

डी. एड. किंवा बी. एड. केलेल्या वाचकाला इथे हर्बार्टची पंचपदी आठवली असेल, आणि ते बरोबरच आहे. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६-१८४१) या जर्मन विचारवंताच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या रूढ केल्या: पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. कारखान्यातल्या चार पायऱ्या आखल्या त्या पहिल्या महायुद्धात, चार्ल्स ॲलन या अमेरिकी व्यवसाय-शिक्षकाने. जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये एकाएकी काही पटींनी कामगार भरायचे होते, त्या घाईत त्याने तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी असा क्रम लावला आणि १९१९ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की साम्य लगेच दिसते. पण फरक अधिक बोलका आहे. तुलना आणि सामान्यीकरण या मधल्या दोन पायऱ्या ॲलनच्या यादीत नाहीत. रिव्हेट ठोकायला किंवा गाठ मारायला त्यांची गरजही नसते. या गाळलेल्या दोन पायऱ्यांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

त्या कार्डाच्या दुसऱ्या बाजूला, शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी काय तयारी करायची ते छापलेले असे. आमच्या मते खरी किल्ली तिथे आहे. कामाचे तुकडे पाडायचे: एका बाजूला महत्त्वाचे टप्पे, दुसऱ्या बाजूला प्रत्येक टप्प्यातला कळीचा मुद्दा. कळीचा मुद्दा कशाला म्हणायचे, याच्या तीनच कसोट्या होत्या. ज्याने काम साधते किंवा बिघडते, ज्याने माणसाला इजा होऊ शकते, किंवा ज्याने काम सोपे होते अशी एखादी खुबी. गाठीचे पाचच टप्पे होतात. वायरी सुट्या करून सरळ करणे, सुमारे सहा इंच. उजव्या वायरीचा फास, मुख्य वायरीच्या पुढून. डाव्या वायरीचा फास, अंगाकडे ओढून, उजव्या टोकाखालून आणि मुख्य वायरीच्या मागून. डावे टोक उजव्या फासातून ओवणे. शेवटी ओढून घट्ट करणे, दोन्ही टोके सारखी ठेवून. एवढे पोस्टकार्डावर मावते.

हीच रीत आपल्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या कामाला लावून पाहू. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याचे काम घ्या. पहिला टप्पा, काचपात्रात पाणी घेणे. कळीचा मुद्दा: आधी पाणी, मग आम्ल, उलट कधीही नाही. दुसरा टप्पा, आम्ल ओतणे; मुद्दा: डोळ्यांवर चष्मा, काचेच्या कांडीवरून बारीक धार, सतत ढवळत. तिसरा टप्पा, थांबणे. मुद्दा: पात्र हाताला गरम लागू लागले की ओतणे बंद. चौथा टप्पा, बाटलीत भरणे. मुद्दा: पूर्ण थंड झाल्यावरच, आणि चिठ्ठीवर नाव, तीव्रता व तारीख.

पुढच्या काळात अशा तक्त्यांना तिसरा रकाना जोडला गेला, तो म्हणजे ‘कारण’. विज्ञानशिक्षकाला हा रकाना सर्वांत जवळचा वाटेल. आधी पाणी का? आम्ल पाण्यात मिसळताना फार मोठी उष्णता बाहेर पडते. संहत आम्लाची घनता पाण्याच्या सुमारे १.८ पट असते, त्यामुळे आम्लावर पाणी ओतले तर ते वरच तरंगते, थोडेच असल्याने क्षणात उकळते आणि उडताना आम्लाचे थेंब बरोबर घेऊन उडते. पाण्यात आम्ल ओतले तर ते खाली जाते आणि भरपूर पाणी ती उष्णता सामावून घेते. कारण कळलेला माणूस नियम विसरला तरी तो पुन्हा उभा करू शकतो. नुसता नियम पाठ असलेला माणूस घाईच्या दिवशी उलटसुलट करून बसतो.

आता नियोजन. फोरमनला एक तक्ता स्वतःच्या हाताने करावा लागे. वरच्या ओळीत माणसांची नावे, डाव्या बाजूला कामांची नावे. ज्याला जे काम येते तिथे खूण. ज्याला येत नाही पण यायला हवे, तिथे तारीख: या तारखेपर्यंत शिकवायचे. बस, इतकेच.

हा तक्ता एखाद्या माध्यमिक शाळेच्या विज्ञान विभागासाठी करून बघा. समजा चार माणसे आहेत: वीस वर्षे शिकवलेल्या बाई, दहा वर्षे झालेले सर, यंदाच रुजू झालेला शिक्षणसेवक आणि प्रयोगशाळा परिचर. कामे लिहा: आम्ल विरल करणे, हायड्रोजन वायू तयार करून दाखवणे, सूक्ष्मदर्शकासाठी कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी करणे, भाजल्यावर प्रथमोपचार, जडवस्तू संग्रह नोंदवही ठेवणे, विज्ञान प्रदर्शनाची नोंदणी करणे. खुणा करत गेलात की थोड्याच वेळात एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. बहुतेक शाळांत एखाद्या कामाच्या ओळीत एकच खूण असते, आणि ती येत्या मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या माणसाच्या नावाखाली असते. तीस वर्षे आम्लाच्या बाटल्या ज्याने सांभाळल्या तो परिचर निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो आणि जूनमध्ये नवा शिक्षक गुगलवर शोध घेत ती बाटली उघडतो. निरोपाची भाषणे लांबलचक होतात. जाण्यापूर्वीचे तीन महिने त्याच्या शेजारी कोणाला तरी उभे करावे, हे मात्र सुचत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. तासांचा हिशेब ठेवणे सोपे असते. ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला, प्रमाणपत्र छापले, नोंद झाली. पण ते पन्नास तास कोणी, कोणत्या कामासाठी वापरायचे, हे ठरवायला वरचा तक्ता लागतो, आणि तो फक्त त्या शाळेतल्या माणसांनाच करता येतो. पुण्या-मुंबईत बसून तो कोणालाही करता येणार नाही. शाळेने आधी तक्ता केला आणि मग प्रशिक्षण निवडले, तर त्याच पन्नास तासांची किंमत वेगळी होते.

इथवर सारे सरळ आहे. पण वर्गात शिकवणे हे गाठ मारण्यासारखे काम आहे का?

विज्ञानाच्या इतिहासातली एक छान हकीकत या प्रश्नावर प्रकाश टाकते. १९७० मध्ये कॅनडातल्या व्हालकार्तिए येथील संरक्षण प्रयोगशाळेने एका नव्या प्रकारच्या लेसरची घोषणा केली. तोवरचे कार्बन डायऑक्साइड लेसर कमी दाबाच्या वायूवर चालत. हा चक्क वातावरणाइतक्या दाबावर चाले. त्याला ‘टीईए लेसर’ म्हणतात. शोधनिबंध छापले गेले, आकृत्या प्रसिद्ध झाल्या. ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळांनी तो बांधायला घेतला. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगशाळांमध्ये फिरून कोणाला तो जमला आणि कसा, याचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. निष्कर्ष चकित करणारा होता. केवळ छापील माहितीवरून एकाही गटाला चालणारा लेसर बांधता आला नव्हता. ज्यांना जमला त्या सगळ्यांचा, आधी लेसर बांधलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध होता: भेटी, फोन, येणेजाणे. मधल्या माणसाने स्वतः लेसर बांधलेला नसेल, तर त्याच्याकडून ऐकूनही उपयोग होत नव्हता.

असे काय होते जे निबंधात लिहिलेले नव्हते? एक उदाहरण संधारित्रापासून विद्युत्‌अग्रापर्यंत जाणाऱ्या तारेचे. ती फार आखूड असावी लागते. आकृतीत ती एक रेघ असते आणि रेघेची लांबी कोणी मोजत नाही. संधारित्र जड, म्हणून कोणीही ते खाली टेबलावर उभे ठेवणार. मग तार लांब होणार आणि लेसर चालणार नाही. चालणाऱ्या लेसरमध्ये ते जड संधारित्र उलटे करून वर बसवलेले होते. बांधणाऱ्यांनी हे लपवले असे नाही. सुरुवातीला तारेची लांबी इतकी महत्त्वाची आहे हे त्यांनाही सांगण्यासारखे वाटले नव्हते.

जाणत्या माणसाची अडचण नेमकी हीच असते. त्याच्या ज्ञानाचा मोठा भाग त्याच्या हातात आणि नजरेत मुरलेला असतो; त्याला शब्द नसतात. भाकरीच्या पिठात पाणी किती, असे आजीला विचारले की ती ‘अंदाजाने’ म्हणते. ती काही टाळत नसते. तो अंदाज तिच्या बोटांना ठाऊक असतो, तिला नाही. आजीच्या शेजारी बसून दहा वेळा पीठ मळले की तो आपल्याही बोटांत येतो.

पाठ घेताना असे अंदाज पावलोपावली लागतात. प्रश्न विचारल्यावर किती थांबायचे, शेवटच्या बाकावरची कुजबुज केव्हा ऐकून सोडून द्यायची, मुलाने दिलेल्या चुकीच्या उत्तरात अर्धे बरोबर काय आहे ते कसे ओळखायचे. याचा पाच टप्प्यांचा तक्ता होत नाही. म्हणून इथे शिकवणाऱ्यापेक्षा सोबत करणारा लागतो. त्याला मार्गदर्शक म्हणा, ज्येष्ठ सहकारी म्हणा. ॲलनने गाळलेल्या त्या दोन पायऱ्या, तुलना आणि सामान्यीकरण, या सोबतीत परत येतात. ‘आठवी अ मध्ये हा प्रयोग रंगला, ब मध्ये पडला, असे का झाले असेल?’ ही तुलना. ‘प्रयोगाआधी अंदाज लिहून घेतले की मुले निरीक्षण बारकाईने करतात’ हे त्यातून दोघांनी मिळून काढलेले अनुमान. नुसते पाठनिरीक्षण करून, वहीत ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य’ असा शेरा मारल्याने यातले काहीच होत नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणांचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी संशोधकांनी १९८० च्या दशकात हेच सांगितले. व्याख्यानाने माहिती वाढते, प्रात्यक्षिकाने आणि सरावाने कौशल्यही येते. पण आपल्या रोजच्या वर्गात ते वापरले जाण्यासाठी, परतल्यानंतरही सहकाऱ्याची सोबत लागते. आपल्याकडे प्रशिक्षणाहून परतलेल्या शिक्षकाला मुख्याध्यापक पहिला प्रश्न विचारतात तो प्रवासभत्त्याच्या बिलाचा. दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सोबत ठरवताना दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. जो माणूस आपला गोपनीय अहवाल लिहिणार त्याच्यासमोर कोणी आपला फसलेला पाठ उघडा करून दाखवत नाही. म्हणून मार्गदर्शक आणि मूल्यमापन करणारा वेगळे असावेत. लहान शाळेत हे कठीण असते हे खरे. तिथे केंद्रातल्या शेजारच्या शाळेतला कोणी चालेल. महिन्याच्या शिक्षण परिषदेत नाही तरी भेट होतेच. दुसरी गोष्ट वेळेची. दोघांना एकमेकांच्या तासाला बसता यावे आणि नंतर वीस मिनिटे बोलता यावे, असा एक तास जूनमध्येच वेळापत्रकात कोरून ठेवावा लागतो. तो ‘सवडीने’ यावर सोडला, की बदली तास खाऊन टाकतो.

युद्ध संपल्यावर अमेरिकेतले बहुतेक कारखाने चार पायऱ्यांचे कार्ड विसरून गेले. जपानमध्ये ते १९५० च्या दशकाच्या आरंभी पोचले आणि तिथे टिकले. टोयोटासारख्या कंपन्यांनी ते रोजच्या कामाचा भाग केले, आणि पुढे कित्येक वर्षांनी अमेरिकी मंडळी जपानी कारखाने बघायला गेली, तेव्हा त्यांना आपल्याच आजोबांचे कार्ड तिथे सापडले.

तक्ता मात्र शाईने करू नये आणि संगणकावर रंगीबेरंगीही करू नये. पेन्सिलीने करावा. जूनमध्ये नवा शिक्षणसेवक येतो, दिवाळीनंतर एखाद्या बाई प्रसूती रजेवर जातात, कोणाची बदली होते, शाळेला नवे सूक्ष्मदर्शक मिळतात आणि डाव्या बाजूला एक ओळ वाढते. दर वेळी खोडायचे, नव्या तारखा घालायच्या आणि कोणत्या ओळीत एकच खूण उरली आहे ते आधी बघायचे.